भुसावळपर्यंत मेट्रो की मेमू? सोसायटीच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

वैभव (बी ३०४): (फॉरवर्ड) जळगाव–भुसावळ लाइट मेट्रो झालीच पाहिजे! खान्देशावरचा अन्याय दूर करा! किमान १० ग्रुपवर पाठवा 🙏🚈

कोल्हे सर (सेक्रेटरी): वैभव, ग्रुप सोसायटीच्या कामापुरता आहे. टाकी धुण्याचा निरोप वर गेला बघ.

वैभव: सर, हेही सोसायटीचंच काम आहे. आपल्यातले निम्मे लोक रोज अपडाऊन करतात.

महाजन शेठ: मेट्रो आली की फ्लॅटला भाव 👍 खेडीकडे दोन प्लॉट आहेत, एनए. इच्छुकांनी पर्सनलला बोलावे.

नारखेडे काका: बेटा, नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा साधारण ३८ किलोमीटरचा, खर्च ८,६८० कोटी. म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या वर. जळगाव ते भुसावळ रेल्वेने २४ किलोमीटर. कर गुणाकार.

वैभव: काका, ती पूर्ण मेट्रो झाली, पुलावरची. लाइट रेल वेगळी. केंद्राने २०१९ मध्ये 'मेट्रोलाइट'चे निकष काढलेत. बहुतेक मार्ग जमिनीवरून, तीन डब्यांची गाडी, स्टेशन म्हणजे मोठा बसस्टॉपच. एका दिशेने तासाला १५ हजार माणसांपर्यंतच्या गर्दीसाठी. त्याहून कमी गर्दी असेल तर मेट्रो निओ. रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब बसच म्हणा. खर्च बराच कमी.

नारखेडे काका: निओ म्हणजे नाशिकची ना? २०२१ च्या बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले होते. नाशिककर अजून सिटीलिंकच्या बसनेच फिरतात.

वैभव: तो राजकारणाचा दोष, गाडीचा नाही.

नारखेडे काका: पैसा राजकारणातूनच येतो बापा.

रेखा काकू (ए १०२): मी सांगू का? आमची श्रुती एडिनबर्गला असते. तिच्याकडे राहिले तेव्हा रोज ट्रामने फिरायचे. छान, शांत, चढायला पायरी नाही, माझ्या गुडघ्यांना फार सोयीची. पण तिथल्या जुन्या लोकांपुढे विषय काढला की अजून चिडतात. सुरुवातीचा अंदाज ३७५ दशलक्ष पौंडांचा होता, झाले ७७६. आणि एवढं करून मार्ग ठरला होता त्याहून आखूड झाला. न्यूहेवनपर्यंत जायची होती, गावाच्या मध्यावरच संपवली. रस्ता खोदला तर खाली जुने पाइप आणि केबल, कुठे काय आहे ते कोणालाच धड माहीत नाही. वर ठेकेदाराशी भांडण. २०१४ मध्ये ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी चौकशीही लागली. चौकशीचा अहवाल आला २०२३ मध्ये.

स्मिताताई: चौकशीला नऊ वर्षं? म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच 😄

वैभव: काकू, पुढचं पण सांगा ना. तोच राहिलेला न्यूहेवनचा तुकडा २०२३ मध्ये पूर्ण झाला, २०७ दशलक्ष पौंडांत, ठरलेल्या बजेटमध्ये. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा नीट केलं. आणि मला एक सांगा, हायवे चौपदरी करताना कोणी विचारलं का, नफा किती होणार म्हणून? रेल्वे म्हटली की सगळे हिशेबाची वही काढतात.

नारखेडे काका: नशिराबादला टोल मग कोण भरतं? 😀

वैभव: टोल गाडीवाला भरतो. ज्याच्याकडे गाडी नाही त्याचं काय, एवढंच म्हणतोय मी.

स्मिताताई: ज्याच्याकडे गाडी नाही ती मी. आता माझं ऐका, कारण तुम्ही दोघं कोटींत बोलताय आणि मी सुट्ट्या पैशांत. एसटीला २०२३ पासून आम्हाला अर्धं तिकीट. पॅसेंजरचं किमान तिकीट करोनानंतर ३० झालं होतं, ते फेब्रुवारी २०२४ ला परत १० वर आलं. म्हणजे जळगाव ते भुसावळ हा मधला प्रवास स्वस्तच आहे. खिसा रिकामा होतो तो दोन्ही टोकांना. महाबळहून स्टेशनला रिक्षा, भुसावळला उतरून नाहाटा चौफुलीकडे परत रिक्षा. वेळही तिथेच जातो. तुमची लाइट रेल माझ्या दारात येणार आहे का? नाही ना? मग स्टेशनपर्यंत मी रिक्षानेच जाणार. फरक पडलाच तर गाडी किती वेळाने आहे, याचा पडेल. एक चुकली तर दुसरी वीस मिनिटांत आहे एवढं कळलं, तर मी उद्यापासून एसटी सोडते. गाडी लाइट असो की हेवी.

पाटील भाऊ (सी २०१): ताई बराबर बोलनी. गाडी येस कवय, जास कवय, हाई पह्यले सांगा. मंग रंग कोनता देवाना ते पाहू.

रेखा काकू: 😂😂 भाऊ अहिराणीत आले म्हणजे विषय तापला.

वैभव: ताई, लाइट रेलचा मुद्दा नेमका तोच तर आहे. स्वतःचा मार्ग असतो म्हणून दर दहा मिनिटांनी सोडता येते.

नारखेडे काका: सोडता येते आणि सोडतात यात फार अंतर आहे. मुंबईची मोनो बघ. सुमारे २० किलोमीटर, स्वतःचाच मार्ग, खाली ट्रॅफिक आणि वर मोकळी वाट. २०१४ ला अर्धी सुरू झाली, २०१९ ला पूर्ण. पण गाड्या मोजक्या, दोन गाड्यांमधलं अंतर वाट बघायला लावणारं, आणि उतरल्यावर पुढे जायला लोकलशी जोड नीट नाही. लोक चढलेच नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या पावसात माणसं भरलेली गाडी वरच अडकली, पुढच्या महिन्यात सुधारणेसाठी सेवा बंद ठेवली. खांब बांधायला पैसा मिळतो. रोज गाडी चालवायला, डबे सुस्थितीत ठेवायला जो पैसा लागतो, त्याचं भूमिपूजन होत नाही ना.

वैभव: मोनो हे चुकीचं उदाहरण. जगात फारशी कुठे चालली नाही ती.

नारखेडे काका: बरं, मग घरचं घे. पाचोरा–जामनेरची पीजे. छोट्या रुळांची, ५६ किलोमीटर, शंभर वर्षं चालली. त्या काळची लाइट रेलच ती. तिकीट थोडं, चाल बैलगाडीपेक्षा जरा बरी, पण शेंदुर्णीच्या माणसाला पाचोऱ्याला मेन लाइनची गाडी गाठून द्यायची. २०२० पासून बंद. आता ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायचं चाललंय. आमच्या खान्देशात नवीन रूळ कुठे टाकायचे असतील तर आधी तिथे टाका. जळगाव–भुसावळमध्ये चार लाइनी पडलेल्याच आहेत. त्या असताना शेजारून पाचवी, वेगळ्या मापाची, वेगळ्या डेपोची, कशाला?

वैभव: कारण त्या चार लाइनींवर तुमची पॅसेंजर कायम शेवटच्या नंबरावर असते. तुम्ही स्वतः गार्ड होतात, तुम्हीच सांगा.

नारखेडे काका: हे मात्र खरं बोललास. मेल-एक्सप्रेस आधी. पॅसेंजर काय, लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालता येते. भुसावळला मुंबई, नागपूर, खंडवा तिन्ही बाजूंचा माल गोळा होतो आणि जळगावला सुरतेचा येऊन मिळतो. नुसती लाइन वाढवून भागत नाही. जंक्शनला प्लॅटफॉर्म रिकामा नसेल तर गाडी आउटरलाच, स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, उभी. म्हणून मेमू म्हणतो मी, विजेवर चालणारी, कमी अंतराची लोकलसारखी गाडी. तिला दोन्ही टोकांना केबिन, इंजिन फिरवायची भानगड नाही, आली तशी उलटी निघते, प्लॅटफॉर्म लवकर मोकळा. पिकअपही चांगला. मनमाडपर्यंतच्या चौथ्या लाइनीला आणि खंडव्याच्या तिसऱ्या-चौथीला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. ती कामं पूर्ण होतील तशी जागा मोकळी होईल. त्या जागेवर आत्ताच रुमाल टाकून ठेवला पाहिजे. नाहीतर तिथेही मालगाड्याच बसतील.

स्मिताताई: रुमाल टाकणे 👌

वैभव: नशिराबादचं काय मग? रेल्वे भादलीवरून जाते. हायवेच्या कडेने लाइट रेल गेली तर नशिराबाद, एमआयडीसी, अजिंठा चौफुली सगळं जोडलं जाईल.

नारखेडे काका: तिथे बस ने. केंद्राची पीएम ई-बस योजना ऑगस्ट २०२३ ची, १६९ शहरांसाठी, त्यात जळगावचं नाव आहे. शहर बससेवा बंद पडली तेव्हापासून आपण रिक्षाच्या भरवशावर. दारात गाय नाही आणि गोठ्याला टाइल्स लावायला निघालोय.

कोल्हे सर: मीही थोडं बोलतो, मग विषय आवरू. २०१७ च्या मेट्रो धोरणात दोन गोष्टी आहेत. एक, बसपासून सगळे पर्याय तपासून मगच मेट्रो मागायची. दोन, समाजाला होणारा फायदा किमान १४ टक्के दराने परत येतो हे दाखवायचं. यात नुसतं तिकीट नाही, वाचलेला वेळ, पेट्रोल, अपघात सगळं धरतात. त्यामुळे वैभवचा हायवेचा मुद्दा अगदीच वाया जात नाही. पण २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, भुसावळ १ लाख ८७ हजार. आज वाढलेत, मान्य. तरी तासाला हजारो माणसं एकाच दिशेने आणायची कुठून? सकाळी नऊला मिळतील. दुपारी दोनला?

महाजन शेठ: माणसं येतात हो. आधी मेट्रो, मग वस्ती. पुण्यात हेच झालं.

कोल्हे सर: शेठ, पुण्यात आणि नागपुरात खरेदीखतावर १ टक्का मेट्रो अधिभारही लागतो. प्लॉटच्या किमतीवर.

महाजन शेठ: …

महाजन शेठ: मेमू चांगली आहे.

वैभव: 😂 शेठ फुटले. ठीक आहे, पण माझं मत माझ्यापाशी. आज मेमू मागा, पण हायवेच्या कडेची जागा आत्ताच राखून ठेवायला सांगा. वीस वर्षांनी मागाल तेव्हा तिथे मंगल कार्यालयं झालेली असतील.

नारखेडे काका: हे घाल पत्रात. हे मला मान्य.

स्मिताताई: पत्र कोणाला?

नारखेडे काका: डीआरएम भुसावळ, म्हणजे रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक. प्रत प्रवासी सल्लागार समितीला. दुसरं पत्र महापालिकेला, ई-बसच्या वेळा गाड्यांना जुळवा म्हणून. मागणी एकच ठेवा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, दर अर्ध्या तासाला मेमू. बाकी दिवसभर तासाला एक.

स्मिताताई: आठ नको, सात लिहा. शाळा, कॉलेज, क्लासेस सगळे सातलाच निघतात. आणि संध्याकाळी आठनंतर एक तरी हवी, दुकानात काम करणाऱ्या मुली नऊशिवाय सुटत नाहीत.

रेखा काकू: नऊचं ठळक अक्षरात लिहा.

पाटील भाऊ: सुरत लाइन डबल व्हयनी त्याले वर्षं व्हई ग्यात. अमळनेर–जळगावनी मागणी बी त्याच पत्रमा घाला. नहीतं मी सही कराव नही.

कोल्हे सर: भाऊ, त्याचं वेगळं पत्र करू. एकत्र दिलं तर दोन्हींना मिळून एकच पोच येईल.

पाटील भाऊ: चालई. मंग आमनं पह्यले लिखा.