आजीच्या देवघरातला खंडोबा: पॉलिश करावं का?

नमस्कार मंडळी. आमच्या सोलापूरच्या घरी घोड्यावरचा खंडोबा आहे, आजीच्या सासूबाईंपासून पूजेत असलेला. मागे म्हाळसा, खाली कुत्रं. वीतभरही उंची नाही, पण हातात घेतला की वजन कळतं. तेल-भंडाऱ्याने काळवंडलाय. चंपाषष्ठीला बाळे गावच्या खंडोबाच्या देवळात जायच्या आधी तो उजळावा असं आईच्या मनात आहे. पेठेत एकाने ॲसिडात बुडवून बफ मारून देतो म्हटलं, नाहीतर मोडीत द्या, नवा घ्या! ते ऐकवेना. काय करू? आणि ही पितळ की पंचधातू?

— ताई, बफ अजिबात नको! अशा जुन्या मूर्ती बहुधा मेणाच्या पद्धतीने ओतलेल्या असतात. ओतारी आधी मेण नि राळेची अख्खी मूर्ती घडवतो. लगाम, दागिने, पगडीचा पीळ मेणाच्या बारीक दोऱ्यांनी चिकटवतो. त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ लेप, मग जाड माती. सावलीत वाळवून भट्टीत तापवलं की मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडूनच मूर्ती निघते, म्हणून तशी दुसरी होत नाही. कल्याणीच्या सोमेश्वर तिसऱ्या चालुक्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास'मध्ये हेच लिहिलंय. ते कल्याण म्हणजे बसवकल्याण, आपल्यापासून फार लांब नाही. बफ मारला की मेणाच्या त्या दोऱ्यांनी उठलेली नक्षीच घासली जाते. मूर्ती उलटी करून बघा: आत काळी माती दिसते का? पोकळ ओतलेल्या मूर्तीत मेणाच्या आतला मातीचा गाभा तसाच राहतो. आणि कडेने सरळ सांध्याची रेघ असेल तर ती दोन भागांच्या साच्यातली समजा.

— धातू नजरेने ठरत नाही, रंग फसवतो. एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीत ओरखडा न काढता अंदाज मिळतो. तोवर चिंच, लिंबू, पीतांबरी लावू नका. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, अभिषेकानंतर लगेच टिपून घ्या. फिकट हिरवा, भुकटीसारखा गंज दिसला तर मात्र ओल बंद करा आणि संवर्धन करणाऱ्याला दाखवा. आणि शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती परदेशी नेता येत नाही, कुणी नातेवाईक मागेल म्हणून सांगतो.

— आत्ताच उलटी करून पाहिली. आत काळी माती आहे, आणि म्हाळसेच्या पाठीवर पदराच्या कडेला बोटाच्या टोकाएवढा खळगा. आईला दाखवला. ती म्हणाली, राहू दे, हळदीचा हात लावू फक्त.