शेपूट उघडणारं विमान: ड्रीमलिफ्टरबद्दल एक शंका

कोथरूडचा_ओम:
मेकॅनिकलला आहे, तिसरं वर्ष. बोइंगने जुन्या ७४७-४०० प्रवासी विमानांची पाठ फुगवून चार ड्रीमलिफ्टर मालवाहू विमानं बनवली. माल भरायला अख्खी शेपूटच बिजागरीवर बाजूला फिरते. मग उंचीवर आतल्या हवेचा दाब तो सांधा कसा सोसतो? सरांना विचारलं, तर म्हणाले परीक्षेला नाही.

भोसरीकर:
दाब तिथे नसतोच, ओम. मी प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या बनवतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. प्रवासी विमानात आत-बाहेरचा फरक आठ-नऊ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला आठ-नऊ पौंड. हा आकडा ऐकून आमच्याकडचा हेल्परसुद्धा हसेल. पण क्षेत्रफळ वाढलं की हसू जातं. एका चौरस मीटरवर सहा टन! उघडणारं तोंड ८ मीटर व्यासाचं धरलंस, तर ५० चौरस मीटर. म्हणजे ३०० टन जोर शेपटीला मागे ढकलणार आणि तो बिजागऱ्या-लॅचवर येणार.

त्यात तो फुगवटा धड गोल नाही. गोल नसलेल्या शेलमध्ये, म्हणजे कवचात, दाब भरला की ते गोल व्हायला बघतं, आणि पत्रा नको तिथे वाकतो. जाड पत्रा घातला तर वजन वाढणार. म्हणून कॉकपिटमागे बल्कहेड, म्हणजे हवाबंद आडभिंत घालून दाब पुढच्या भागापुरताच ठेवलाय. मागे बोइंगच्याच ७८७ प्रवासी विमानाचे पंख आणि फ्युजलाजचे, म्हणजे धडाचे, तुकडे, त्यांना कुठे श्वास घ्यायचाय? सांध्याला उड्डाणातला वाक आणि पीळ सोसावाच लागतो, पण हे ३०० टन वाचले. आत जागा १,८४० घनमीटर. अवजड नव्हे, अवाढव्य माल नेणारं विमान आहे ते.

कोथरूडचा_ओम:
काका, आत्ता कळलं! मग एअरबसच्या बेलुगा या मालवाहू विमानाची शेपूट का उघडत नाही?

पेठेतला:
थोडं शोधलं असतं तरी सापडलं असतं. असो. बेलुगात कॉकपिटच मालाच्या मजल्याखाली उतरवलंय आणि दार त्याच्या वरून उघडतं. त्यामुळे कॉकपिटकडून जाणाऱ्या कंट्रोल आणि विजेच्या लाइनी सोडवाव्या लागत नाहीत. आधीच्या सुपर गप्पी या मालवाहू विमानात कॉकपिटसकट नाक बाजूला फिरतं, म्हणून तिथे त्या लाइनींना सुटणारे जोड द्यावे लागले. ड्रीमलिफ्टरची शेपूट फिरवताना तर खालून आधार द्यायला खास गाडी लागते. ती नसेल तिथे उतरून करणार काय?

भोसरीकर:
पेठेतले साहेब रागावले तरी माहिती पक्की देतात. एक भर घालतो. ७४७-४०० ला पंखांच्या टोकाला विंगलेट, म्हणजे वर वळलेले छोटे पंख असतात, ड्रीमलिफ्टरला नाहीत. चाचण्यांत थरथर जास्त आली म्हणून काढून टाकले. मागचा उभा पंखही सुमारे दीड मीटरने वाढवला. पाठ एवढी फुगवल्यावर दिशा धरायला तेवढा लागणारच.

ओम, शनिवारी शॉपवर ये, एका टाकीची हायड्रो टेस्ट आहे. ती पाण्याने का करतात, हवेने का नाही, एवढं वाचून ये. आणि बूट घालून ये, चपलेवर आत सोडत नाही.