पुण्यात आधी मुठा नदीत येणारं मैलापाणी थांबवा, मग काठावर घाट बांधा. पटतंय का?

मुठाकाठचा: काल संध्याकाळी भिडे पुलाखालून चालत आलो. पात्रातच ड्रेनेजची चेंबर आहेत ना, त्यातल्या एकाचं झाकण कलंडलेलं आणि आतून काळं पाणी बुडबुड करत सरळ नदीत चाललेलं. पाऊस नाही, पूर नाही, कोरडा दिवस. आणि तिकडे बंडगार्डनच्या बाजूला दगडी पायऱ्या, हिरवळ, फोटो काढायला गर्दी. म्हणजे नवरीला आंघोळ न घालताच शालू नेसवायचा. 6 मार्च 2022 ला नदीकाठ सुधार (म्हणजे हेच घाट, पायऱ्या) आणि मैलाशुद्धीकरण या दोन्हींचं भूमिपूजन एकाच दिवशी झालंय. त्यातल्या शुद्धीकरणाला जपानचं कर्ज 2016 पासून तयार होतं, मंजुरी साधारण 990 कोटींची, भूमिपूजनापर्यंत आकडा 1470 वर गेला. 11 केंद्रं, मिळून 400 एमएलडीच्या आसपास (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर). पहिली सहा वर्षं टेंडर टेंडर खेळण्यात गेली त्याचं काय?

बंडगार्डनवाला: नेहमीचं रडगाणं. अहो या शहराने नदीकडे कायम पाठ केली म्हणून तर ती नाला झाली. पुलाला जाळ्या लावल्या तरी लोक जाळीवरून निर्माल्याची पिशवी भिरकावतात, कारण खाली नदी आहे असं कुणाला वाटतच नाही. माणसं काठावर येऊन बसली की वास त्यांनाच येणार आणि तेच बोंब मारणार. आधी स्वच्छ मग घाट म्हणत बसलात तर अजून वीस वर्षं दोन्ही नाही.

मुठाकाठचा: @बंडगार्डनवाला वास मला आत्ताही येतोय की, घाट नसताना. आणि पात्र आवळून भिंती घातल्यावर पाणी कुठे जाणार? 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी शिरलं ते विसरलात का?

प्लँटवाला: मी मैलाशुद्धीकरणात नोकरी केलीय, या शहरात नाही, पण गोष्ट सगळीकडे तीच. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2021 च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोजचं 72,368 एमएलडी, बांधलेली क्षमता 31,841. निम्मीसुद्धा नाही. आणि ही क्षमता पण कागदावरची, प्रत्यक्षात त्याहून कमी पाणी साफ होतं. प्लँट म्हणजे पिठाची गिरणी नाही, बटण दाबलं की सुरू. आत जिवाणू असतात, त्यांना ब्लोअरने हवा द्यावी लागते, लाईट जाऊन बराच वेळ ब्लोअर बंद राहिला की ते मरायला लागतात आणि परत जम बसायला दिवसच्या दिवस जातात. पावसाळ्यात पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये घुसतं, प्लँटला झेपत नाही, मग बायपास उघडून सगळं तसंच नदीत. तुम्ही सांगितलेला चेंबर म्हणजे लाईन तुंबलीय, नवीन प्लँट बांधून ती मोकळी होत नाही. पण जमिनीखालच्या ड्रेनेज लाईनचं काम कुणाला दिसत नाही ना, त्याची फीत कोण कापणार.

बंडगार्डनवाला: मग म्हणजे प्लँटपण नको?

प्लँटवाला: असं कुठे म्हटलं? प्लँट हवेतच. जुने बरेच प्लँट साफ पाण्यात 30 बीओडीच्या (पाण्यात घाण किती उरली त्याचं माप) हिशोबाने बांधलेत, हरित लवादाने 2019 ला 10 सांगितलंय. पण ओढ्यात थेट सोडलेलं गटार प्लँटपर्यंत पोचतच नसेल तर प्लँट काय करणार.

सोसायटीचा खजिनदार: खरं सांगू का, आमच्या सोसायटीतपण एसटीपी, म्हणजे छोटा मैलाशुद्धीकरण प्लँट आहे, मोठ्या बांधकामाला सक्तीच आहे. साफ केलेलं पाणी फ्लशला वापरायचं असा नियम. लोकांना वास येतो म्हणून फ्लशला पण टँकरचं पाणी. आणि विजेचं बिल बघून कमिटीतले म्हणतात रात्री ब्लोअर बंद ठेवा. मीच बिल पास करतो, त्यामुळे नदीवर फार बोलायला तोंड नाही.

दौंडकर: तुमचं सगळं ऐकलं. आता नदीच्या खालच्या अंगाला दौंडकडे राहणाऱ्यांचं ऐका. खडकवासल्याच्या चार धरणांत मिळून 29 टीएमसी, त्यातलं चांगलं पाणी तुम्ही पिणार आणि आम्हाला मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठची पंपाची विहीर) उचललेलं, कालव्यातून येणारं. पाण्यात उतरलं की पिंढऱ्यांना खाज सुटते. नदीला धरणाखाली स्वतःचं पाणीच नाही, जे वाहतं ते तुमच्याच बाथरूमचं. पुढे भीमेतून उजनीत. जलपर्णी कशावर पोसली जाते असं वाटतं तुम्हाला? घाट बांधा नाहीतर बांधू नका, आम्हाला काय. खजिनदार साहेब, आज रात्री तुमचा ब्लोअर चालूय का तेवढं सांगा.

मुठाकाठचा: दौंडकरांशी सहमत. धरणातून नदीसाठी थोडंतरी पाणी सोडायलाच हवं.

प्लँटवाला: @मुठाकाठचा सोडलं तर घाण पातळ होईल, कमी नाही होणार. आणि पुण्याचं पाणी कापायला कोण तयार आहे? तुम्ही आहात?

सोसायटीचा खजिनदार: @दौंडकर आत्ताच खाली जाऊन आलो. बंद आहे. वॉचमन म्हणतो अकरानंतर बंद करायला सांगितलंय. चालू करायला लावला. रविवारी मीटिंगला विषय घेतो, भांडणं होणार आहेत.