मदत हवी आहे: वाढत्या वयात मेंदूतील जाळ्यांच्या सीमा पुसट होतात, त्याचा अर्थ कसा लावावा?

सर्वांना नमस्कार. मी मानसशास्त्रात एम.ए. करत असून माझा प्रबंध वाढते वय आणि स्मरणशक्ती या विषयावर आहे. त्यातील एका मुद्द्यावर मेंदूविज्ञान किंवा संख्याशास्त्र जाणणाऱ्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

माणूस स्कॅनरमध्ये काही न करता पडून असतो, तेव्हाही मेंदूचे परस्परांपासून दूर असलेले काही भाग एकाच लयीत चढउतार दाखवतात. अशा भागांच्या गटाला आपण जाळे म्हणतो. तरुणांच्या मेंदूतील भागांच्या परस्पर सहसंबंधांचा तक्ता रंगांत मांडला, तर त्याच्या कर्णावर (तिरप्या मधल्या रेषेवर) ठसठशीत चौकोन दिसतात, म्हणजे प्रत्येक जाळे आतून घट्ट बांधलेले असते आणि इतर जाळ्यांशी त्याचे नाते सैल असते. वृद्धांच्या तक्त्यात तेच चौकोन फिके पडतात आणि त्यांच्याबाहेरच्या एरवी कोऱ्या राहणाऱ्या जागेत रंग उतरू लागतो. चान, विग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २० ते ८९ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींमध्ये हा बदल दाखवला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, उच्च बौद्धिक कामांशी निगडित जाळ्यांचे वेगळेपण ज्यांच्यात कमी होते, त्यांची प्रसंगस्मृतीही (घडलेल्या प्रसंगांची आठवण) कमी भरली आणि हा संबंध वय वजा केल्यावरही टिकला.

माझी अडचण येथून पुढे सुरू होते. सीमा पुसट होणे ही सरळ झीज मानावी, तर काबेझा यांच्या गटाचा २००२ मधील अभ्यास आडवा येतो. त्यात स्मृतिचाचणीत चांगली कामगिरी करणाऱ्या वृद्धांनीच मेंदूच्या दोन्ही बाजूंचे पुढचे भाग वापरले होते, तर कमी गुण मिळवणाऱ्यांचा नमुना तरुणांसारखा एकाच बाजूला झुकलेला होता. म्हणजे जास्तीचा सहभाग ही भरपाईही असू शकते. अर्थात तो अभ्यास काम करत असलेल्या मेंदूचा होता आणि जाळ्यांचे मापन विश्रांतीतले आहे. त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच तराजूत घालणे मला घाईचे वाटते. तरीही प्रबंधात यांपैकी एक बाजू गृहीत धरून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण अशा निष्कर्षांवरूनच वृद्धांच्या क्षमतेविषयी सरसकट मते बनवली जातात.

मापनाचा प्रश्न तर याहून अवघड आहे. एफएमआरआय चेतापेशींची हालचाल थेट मोजत नाही, रक्तातील ऑक्सिजनचे बदल मोजते, आणि वयानुसार रक्तवाहिन्यांचा प्रतिसादच बदलतो. शिवाय वृद्धांचे डोके स्कॅनरमध्ये अधिक हलते. मिलिमीटरच्या अंशाइतकी हालचालही जवळच्या भागांतील सहसंबंध खोटेपणाने वाढवते आणि दूरच्या भागांतील घटवते, हे २०१२ पासून चांगलेच माहीत झालेले आहे. दूर पसरलेल्या जाळ्यांची जोडणी वयानुसार सैल होते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला किती भाग मेंदूचा आणि किती हालचालीचा, हे वेगळे काढल्याशिवाय पुढचा युक्तिवाद उभा राहत नाही.

मी ओॲसिस-३ या खुल्या माहितीसंचातील, एकाच व्यक्तीचे काही वर्षांच्या अंतराने घेतलेले स्कॅन वापरण्याच्या विचारात आहे, कारण वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकाच वेळी तुलना केल्यास शिक्षण आणि पिढी यांचा फरक वयाच्या खात्यात जमा होतो. जाळ्यांचे वेगळेपण आधी घटते की स्मृतीचे गुण, हा क्रम तपासायला प्रत्येक व्यक्तीचे किमान किती स्कॅन असावेत? संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत वजा केल्यास हालचालीचा परिणाम कमी होतो, पण ऋण सहसंबंध (एक भाग चढताना दुसरा उतरणे) वाढतात. मग वेगळेपणाचे गुणोत्तर (जाळ्याच्या आतले नाते बाहेरच्या नात्यापेक्षा किती घट्ट, याचे माप) काढताना ते वगळावेत की धरावेत? आणि अमायलॉइड या अल्झायमरशी निगडित प्रथिनाचे साठे डीफॉल्ट मोड जाळ्याच्याच (विश्रांतीत अधिक सक्रिय असणाऱ्या जाळ्याच्या) भागांत लवकर आढळत असल्याने, बोधन चाचण्यांत निरोगी ठरलेल्या पण अमायलॉइड असलेल्या व्यक्तींचा वेगळा गट करावा का? ज्यांनी अशी माहिती प्रत्यक्ष हाताळली आहे त्यांनी आपली पद्धत आणि तिच्यामागची कारणे सविस्तर लिहिली, तर मी मनापासून आभारी राहीन.