सोसायटी ग्रुप : अजिंक्यताऱ्याची पदयात्रा आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च

सी-103, ताई (रात्री 8.52)
सर्वांना नमस्कार. दुपारी ग्रुपवर आलेले पत्रक मी चार वेळा वाचले आणि मगच लिहायला घेतले आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या आजाराच्या, मुलांसाठी आपल्या सोसायटीने सलग दुसऱ्या वर्षी निधी गोळा करायचे मनावर घेतले, याबद्दल मी कमिटीची मनापासून ऋणी आहे. परंतु साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून अजिंक्यताऱ्यापर्यंत पदयात्रा काढताना, ती ज्या मुलांच्या नावाने निघणार आहे त्यांच्यापैकी एकालाही तिच्यात चालता येणार नाही, हे कुणाच्याच लक्षात आले नाही का? शिवाय पत्रकावर माझ्या मुलाचा गेल्या वर्षीचा फोटो आहे. तो छापण्याआधी आम्हा दोघांपैकी कुणालाही विचारलेले नाही. तो फोटो कृपया आज रात्रीच काढावा.

सेक्रेटरी, ए-301 (9.05)
ताई, फोटोबद्दल कमिटीच्या वतीने क्षमा मागतो. पत्रक आत्ताच काढून टाकले आहे, छापायलाही गेलेले नाही. पदयात्रेबाबत सांगायचे तर आपल्या गावात हिल मॅरेथॉनमुळे चालण्या-धावण्याच्या कार्यक्रमांना लोक हौसेने येतात, म्हणून तरुण मंडळींनी ती कल्पना मांडली आणि आम्ही ती उचलून धरली. किल्ल्याच्या दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे, तेव्हा मुलांना गाडीने वर नेण्याची व्यवस्था करता येईल, असा आमचा विचार होता.

तात्या, बी-204 (9.11)
गेल्या वर्षी जमलेल्या 61,450 रुपयांचा तपशीलवार जमाखर्च अद्याप सभासदांसमोर आलेला नाही. तो आधी ग्रुपवर ठेवावा आणि मगच नवीन कार्यक्रम ठरवावा.

खजिनदार, ए-104 (9.14)
तात्या, जमाखर्च वार्षिक सभेत वाचून दाखवला होता. आपण त्या वेळी पुण्याला मुलीकडे होता.

सी-103, ताई (9.20)
सेक्रेटरी साहेब, गाडीने वर नेऊन तिथे त्याने काय करायचे? इतर मुले घामाघूम होऊन वर येतील, टाळ्या वाजतील, आणि तो गाडीच्या उघड्या दाराशी बसून सगळे बघत राहील. गेल्या वर्षी काय झाले ते सांगते, कारण तेव्हा मी गप्प बसले होते. पार्किंगमध्ये सतरंजीवर मुलांना बसवले होते. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. हा आधी कुशीवर वळला, मग रांगत हातापायांवर आला, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच पायांवर हात रोवत रोवत उठला, आणि तो पूर्ण उभा राहीपर्यंत राष्ट्रगीत संपले होते. तेवढ्यात कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. घरी आल्यावर त्याने मला एवढेच विचारले, की तो व्हिडिओ कुणाकुणाकडे गेला असेल. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आता अकरावे संपत आले आहे आणि त्याला जमिनीवरून उठताच येत नाही.

आबा, बी-001 (9.31)
ताई, हे वाचून मला फार वाईट वाटले. मी ऐन तारुण्यात तालमीत होतो आणि खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यातला म्हणून आजही छाती काढून चालतो. आपल्या लेकाच्या भरलेल्या पोटऱ्या बघून मी कितीदा म्हणालो असेन, की हा पैलवान होणार. तेव्हा आपण काहीच बोलला नाहीत.

फिजिओ मॅडम, ए-202 (9.40)
आबा, आपला त्यात दोष नाही, बहुतेकांना तसेच वाटते. या आजाराच्या ड्युशेन प्रकारात पोटऱ्या फुगीर दिसतात, पण ती ताकद नसते, स्नायूंच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरलेल्या असतात. डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन तयार होत नसल्यामुळे स्नायूंचे आवरण रोजच्या हालचालीनेसुद्धा फाटत राहते. त्याची जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. त्या जनुकेचे 79 भाग असतात, म्हणून सातव्या दिवशी नवव्या महिन्यात, म्हणजे 7 सप्टेंबरला, जागतिक ड्युशेन जागृती दिन पाळतात. पदयात्रेविषयीही स्पष्ट सांगते. ज्या मुलांना अजून थोडेफार चालता येते त्यांना चढापेक्षा उतार अधिक बाधतो, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो. तेव्हा "निदान थोडे तरी चालू द्या" असा आग्रह कृपया कुणी धरू नये.

तात्या, बी-204 (9.44)
माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही. 61,450 रुपयांचा तपशीलवार जमाखर्च ग्रुपवर ठेवावा.

डी-302, वहिनी (9.47)
टीव्हीवर दाखवत होते ते 16 कोटींचे इंजेक्शन ह्याच आजाराचे ना? मग आपल्या साठ-सत्तर हजारांनी काय होणार आहे? त्यात दोन आठवड्यांत गणपतीची वर्गणी मागायला मुले दारात येतील. एकाच महिन्यात माणसाने किती वेळा पाकीट उघडायचे?

फिजिओ मॅडम, ए-202 (9.55)
वहिनी, ते इंजेक्शन स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचे. तो वेगळा आजार आहे आणि त्याची जनुकही वेगळी. आपण ज्या ट्रस्टला पैसे देतो तो इंजेक्शने विकत घेत नाही. त्यांच्या शिबिरात मी महिन्यातून एकदा जाते, म्हणून माहीत आहे. रात्री पायात घालायचे स्प्लिंट, मापाची व्हीलचेअर, श्वासाचे मशीन भाड्याने, आईवडिलांना टाचेचे ताण शिकवणे, हृदयाच्या आणि श्वासाच्या नियमित तपासण्या, अशी ही कामे आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि ही देखभाल वेळेवर मिळाली, तर मुलाचे पायावर चालणे काही वर्षे लांबते. साठ हजारांत अशा किती घरांना हातभार लागतो, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सी-103, ताई (10.02)
वहिनी, पाकिटाचे म्हणणे मला समजते, आणि वर्गणी ऐच्छिक असावी असेच माझेही मत आहे. पण "काय होणार आहे" हे वाक्य मी घरातल्या मोठ्यांकडून पाच वर्षे ऐकते आहे. सुरुवातीला तर माझ्या माहेरून हे आले का, याचीच चर्चा व्हायची. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच होतो, आईकडून आलेला नसतो, हे मला कळेपर्यंत दोन वर्षे गेली. सरकारी मदतीची आशा मी सोडलेली नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकारांत हा आजार आहे, त्यामुळे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळाले. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या धोरणात पुढे मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत वाढवली, आणि त्यासाठी मुंबईला केईएम रुग्णालयात नाव नोंदवावे लागते. तेथे आम्ही चार खेपा घातल्या आहेत. पण साताऱ्यात राहून रोज सकाळी त्याला आंघोळीला उचलणे, शाळेची रिक्षा, वर्गातला बाक, हे कुठल्याच धोरणातून होत नाही. ते शेजाऱ्यांच्या हातानेच होते, आणि म्हणूनच मी या ग्रुपवर एवढे लिहिते आहे.

डी-302, वहिनी (10.06)
ताई, माझे शब्द चुकले. मला ते तसे म्हणायचे नव्हते.

डी-103, भाऊ (10.09)
जमाखर्चाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गेल्या वर्षीचा टी-शर्ट पहिल्याच धुण्यात इतका आटला की तो आता आमच्या धाकटीला होतो. या वर्षी एक माप मोठा मागवावा!

आबा, बी-001 (10.11)
भाऊ, ही वेळ आहे का?

खजिनदार, ए-104 (10.20)
विषय निघालाच आहे, तर तात्यांच्या समाधानासाठी येथेच लिहितो. जमा 61,450. खर्च असा : 110 टी-शर्ट प्रत्येकी 120 रुपयांनी 13,200, साउंड आणि मंडप 6,500, नाश्ता 2,200, फ्लेक्स 1,800, एकूण 23,700. ट्रस्टला चेकने दिले 37,750. पावती माझ्या फाइलमध्ये आहे, कुणीही येऊन पाहावी.

तात्या, बी-204 (10.26)
आकडे दिल्याबद्दल आभारी आहे. म्हणजे शंभर रुपयांतले जवळजवळ एकोणचाळीस रुपये आपण अंगावर घातले, ऐकले आणि खाल्ले. खजिनदारांच्या सचोटीवर माझा कधीच संशय नव्हता, माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. मी बँकेत 34 वर्षे काढली. आजारी मुलांसाठी म्हणून माझ्या बहिणीने 500 रुपये दिले, तिला आपला जवळपास दोनशे रुपयांचा टी-शर्ट, मंडप आणि पोहे नको होते.

खजिनदार, ए-104 (10.30)
तात्या, मंडप नको म्हणणारे तेव्हा सभेत कुणीच नव्हते, हेही तेवढेच खरे आहे.

ए-403, वकील साहेब (10.38)
दोघांनाही विनंती, की पुढच्या वर्षीचे बघू या. आपली सोसायटी ही सहकारी संस्था आहे, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास नव्हे. बाहेरच्या लोकांकडून धर्मादाय कामासाठी रक्कम गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधील कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, जशी गणेश मंडळे घेतात. त्यापेक्षा सोपा मार्ग असा, की आपण पैशाला हातच लावू नये. ट्रस्टच्या खात्याचा क्यूआर कोड टेबलावर ठेवावा, ज्याने त्याने थेट तेथे भरावे आणि पावती ट्रस्टनेच द्यावी. जुन्या करप्रणालीत असणाऱ्यांना देणगीवरची आयकर सवलतही त्याच पावतीवर मिळते, मात्र 2,000 रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोख दिली तर मिळत नाही. कार्यक्रमाचा खर्च हवा असेल, तर तो इच्छुकांनी वेगळा काढावा.

तात्या, बी-204 (10.41)
वकील साहेबांशी पूर्ण सहमत. हेच मी मघापासून सांगत आहे.

सेक्रेटरी, ए-301 (10.50)
कमिटीच्या सदस्यांशी आत्ताच फोनवर बोललो. पदयात्रा रद्द करीत आहोत. त्याऐवजी आपल्याच पार्किंगमध्ये संध्याकाळी खाद्यजत्रा आणि मुलांची कॅरम स्पर्धा ठेवू. पदार्थ ज्याचे त्याने घरून आणावेत, मिळेल ती किंमत थेट ट्रस्टच्या खात्यात जाईल. टी-शर्ट नाहीत, साउंड नाही. सतरंजीही नाही, सगळ्यांना खुर्च्या. ताई, हे चालेल का?

सी-103, ताई (10.58)
चालेल, आणि मी शंभर पुरणपोळ्या करीन. पण एक अडचण उरतेच. सी विंगच्या दारात दोन पायऱ्या आहेत, त्यामुळे त्याची व्हीलचेअर पार्किंगपर्यंत आणायला दोन माणसे लागतात. मागच्या बाजूचा उतार स्कूटरसाठी केलेला आहे, तो इतका उभा आहे की खुर्ची एकट्याने आवरत नाही. ट्रस्टला पाठवायला आपण हजारो रुपये जमवले आणि या दोन पायऱ्या गेल्या वर्षीपासून तशाच आहेत, हे मला कधीपासून बोलायचे होते.

ए-403, वकील साहेब (11.03)
उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. दोन पायऱ्या मिळून एक फूट उंची असेल, तर बारा फूट लांबी हवी. सी विंगसमोरच्या कुंड्या हलवल्या तर तेवढी जागा आहे.

डी-103, भाऊ (11.05)
कुंड्या मी हलवतो. रविवारी सकाळी गवंड्यालाही घेऊन येतो. मघाच्या टी-शर्टबद्दल क्षमस्व.

तात्या, बी-204 (11.08)
उताराचा खर्च दुरुस्ती निधीतून व्हावा, ट्रस्टच्या देणगीतून नव्हे. आणि त्याचाही जमाखर्च ग्रुपवर ठेवावा.

खजिनदार, ए-104 (11.10)
तात्या, ठेवतो. उद्या पावत्यांची फाइल घेऊन आपल्याकडे चहाला येतो.

सी-103, ताई (11.16)
मी त्याला आत्ताच विचारले, अजून जागाच होता. तो म्हणतो, कॅरम खेळायचा आहेच, पण पहिल्या फेरीत त्याला आबांशी खेळायचे आहे. टेबल 28 इंचांपेक्षा बुटके नको, म्हणजे खुर्चीचे हात खाली जातील. माझ्याकडे टेप आहे, रविवारी मी मोजून देते.

आबा, बी-001 (11.19)
त्याला सांगा, आबा तयार आहेत, आणि हात राखून खेळणार नाहीत.