प्लेट पिंच: आधी अंगठ्याकडे बघा

घणसोलीहून ज्यांनी विचारलंय की ५ किलोच्या दोन प्लेट (जिममधल्या वजनाच्या चकत्या) एकत्र चिमटीत धरल्या, म्हणजे प्लेट पिंच केला, की लगेच का निसटतात, त्यांच्यासाठी. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'वजन कमी करा' म्हटलंय. ते बरोबरच आहे, पण खरी अडचण अंगठ्याची आहे. चिमटीत एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला तो एकटा. बारला लटकताना त्याच्यावर एवढा भार येतच नाही, म्हणून तो मागे राहतो. २.५ किलोच्या दोन लोखंडी प्लेट घ्या, गुळगुळीत बाजू बाहेर, मनगट सरळ, २०-३० सेकंद. रबरी किंवा खाचेच्या प्लेट नकोत, त्यात पकड आयती मिळते.

आणि घाम! पावसाळ्यात आपल्याकडे तळहात कोरडा राहतच नाही. चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी भुकटी) लावा, प्लेटही पुसा, मगच खरी ताकद कळेल.

मनगटासाठी हात बाकावर टेकून प्लेट कडेने धरा आणि सावकाश वरखाली करा. आधी तळहात वर, मग खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर) मनगटातून बोटांपर्यंत जातात. स्नायू लवकर बळकट होतात, कंडरांना बराच जास्त वेळ लागतो. म्हणून आठवड्यातून दोनदा पुरे. हिवाळ्यात मुंब्र्याच्या कड्यांवर चढाईला जाणाऱ्या मुलांनी तर रोज करण्याचा हट्ट अजिबात धरू नये. बोटांभोवती रबरबँड लावून ती उघडायचा व्यायामही जोडीला हवाच. बोटांना मुंग्या येत राहिल्या तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.