मदत हवी आहे: गुप्तचर खात्यातला 'डेप्युटी डायरेक्टर' मराठीत काय?

शिळोप्याची: मी 'उपसंचालक' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने गोल करून बाजूला लिहिलंय, "हे गृहस्थ शिक्षण खात्यातले का?" मजकूर उद्या सकाळी दहाला द्यायचाय. शब्दकोश पाहून झालेत, कृपया तेच सुचवू नका.

खडीसाखर: कुठलं गुप्तचर खातं?

अप्पा डोंबिवलीकर: बाईंचं बरोबर आहे. आपल्या आयबीत डेप्युटी डायरेक्टर म्हणजे डीआयजी दर्जाचा अधिकारी. संचालकाच्या खालोखाल विशेष संचालक असतो. रॉचा प्रमुख तर सचिव. 1977 साली रॉचे पहिले प्रमुख काव पद सोडून गेल्यावर त्यांचे जुने सहकारी शंकरन नायर प्रमुख झाले. सरकारने त्या पदाचं नाव सचिवऐवजी संचालक केलं, तर ते काही महिन्यांत सोडूनच गेले. पदनाम ही चेष्टा नव्हे.

शिळोप्याची: अप्पा, भारताचं नाहीये हो. अमेरिकेची सीआयए.

खडीसाखर: मग आधी सांगायचं ना! साल?

शिळोप्याची: सालाचा काय संबंध?

खडीसाखर: आहे. 2005 पर्यंत सीआयएचा प्रमुख सगळ्याच गुप्तचर संस्थांचा मुख्य असायचा, त्यामुळे संस्थेचा रोजचा गाडा बराचसा डेप्युटीच हाकायचा. त्याच्या नेमणुकीला सिनेटची मंजुरीही लागायची. आता लागत नाही. जीना हॅस्पेल 2017 मध्ये मतदानाशिवाय डेप्युटी झाल्या. 2018 मध्ये प्रमुख होताना मात्र सिनेटमध्ये मतदान झालं, 54 विरुद्ध 45.

बीएस्सी_अ‍ॅग्री: रॉमध्ये थेट भरती असते का? वयोमर्यादा किती?

अप्पा डोंबिवलीकर: धागा काय, विचारताय काय! 'उपमहासंचालक' लिहा, भारदस्त वाटतं.

खडीसाखर: अप्पा, महासंचालकच नाही तिथे, तर उपमहासंचालक कुठून आणायचा?

शिळोप्याची: भांडू नका. 1972, वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीचं प्रकरण. तेव्हाचे सीआयएचे डेप्युटी व्हर्नन वॉल्टर्स.

खडीसाखर: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! 23 जूनला राष्ट्राध्यक्ष निक्सनचा उजवा हात हॉल्डेमनने सीआयएप्रमुख हेल्म्स आणि वॉल्टर्स दोघांना व्हाइट हाउसवर बोलावलं, पण एफबीआयचे प्रभारी प्रमुख ग्रे यांच्याकडे जाऊन घरफोडीचा तपास आवरायला सांगायचं काम दिलं डेप्युटीला. वॉल्टर्स त्याच दिवशी गेलेही. पुढे घरफोडीत पकडलेल्यांच्या जामिनाचे पैसे सीआयएने द्यावेत, असं निक्सनचा वकील डीनने सुचवलं तेव्हा मात्र त्यांनी साफ नकार दिला. असा माणूस 'उपसंचालक' म्हटल्यावर कारकुनी वाटतो. 'उपप्रमुख' करा.

अप्पा डोंबिवलीकर: वॉल्टर्स लष्करातले लेफ्टनंट जनरल होते, तेही लिहा. प्रमुख आणि उपप्रमुख दोघेही एकाच वेळी लष्करी नकोत, असा 1953 पासून कायदा होता. हेल्म्स मुलकी, म्हणून जमलं.

शिळोप्याची: 'उपप्रमुख' चालेल. बाईंना पाठवते. आता हॉल्डेमनचं 'चीफ ऑफ स्टाफ' काय करू? 'कर्मचारीप्रमुख' लिहिलं तर परत लाल गोल येणार.

बीएस्सी_अ‍ॅग्री: वयोमर्यादा कोणी सांगेल का?